मानसिक आरोग्य आणि कायद्यावरचा शोधनिबंध: प्रश्न ठरवण्यापासून छापून येईपर्यंत

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागू झाला २९ मे २०१८ला. तेव्हापासून या विषयावर लिहू पाहणारे बरेच आहेत: एलएल.एम. करणारे, क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी, मनोविकारशास्त्राचे निवासी डॉक्टर, समाजकार्याचे प्राध्यापक. विषय जिवंत असतो, मेहनतही असते, तरी लेख परत येतात. यातल्या बऱ्याच लेखांची गोची एकच असते. वकिलाला स्किझोफ्रेनिया समजावण्यात चार पानं, डॉक्टरला संविधानाचा अनुच्छेद २१ समजावण्यात चार पानं, आणि स्वतःचं म्हणणं उरलेल्या दोन पानांत. वकील पहिली चार पानं वाचून थांबतो, डॉक्टर पुढची चार.

आधी वाचक ठरवा

पहिला निर्णय हाच, आणि तो प्रश्न ठरवण्याच्याही आधीचा. कारण दोन्हीकडे ‘पुरावा’ कशाला म्हणायचं याचेच नियम वेगळे आहेत. कायद्याच्या लेखात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सगळा युक्तिवाद तोलून धरू शकतो. मानसशास्त्राच्या जर्नलमध्ये एक प्रकरण म्हणजे फार तर केस रिपोर्ट. कायद्याचा लेख सात-आठ हजार शब्दांचा, तळटिपांनी भरलेला आणि बहुधा एकाच लेखकाचा. मानसशास्त्राचा त्याच्या निम्मा, ‘प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा’ या साच्यातला, तीन-चार लेखकांचा. दोन्ही साचे एकत्र करायचा मोह टाळा. लेख कोणत्या घरात राहणार ते ठरवा आणि दुसऱ्या घरातलं जेवढं लागेल तेवढंच आणा.

खूण सोपी आहे. तुमच्या मजकुरातलं जे वाचून वाचकाने उद्या काहीतरी वेगळं करावं असं वाटतं, तो वाचक कोण? न्यायाधीशाने वैद्यकीय साक्ष वेगळ्या नजरेने वाचावी असं वाटत असेल, तर कायद्याचं जर्नल. डॉक्टरने प्रमाणपत्र वेगळ्या पद्धतीने लिहावं असं वाटत असेल, तर मनोविकारशास्त्राचं.

प्रश्न लहान करा

‘भारतातील मानसिक आरोग्य कायदा: एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक आहे, प्रश्न नव्हे. प्रश्नाला न्यायालय हवं, कलम हवं, कालखंड हवा. उदाहरणार्थ: ‘भारतीय दंड संहितेच्या कलम ८४चा बचाव घेतलेल्या अपिलांत मुंबई उच्च न्यायालयाने गेल्या दहा वर्षांत वैद्यकीय पुराव्याला किती वजन दिलं?’ (कृत्याच्या वेळी आरोपीचं मन ठिकाणावर नव्हतं, हा तो बचाव.) पुढे हेच उदाहरण धरून चालू.

कलमांच्या बाबतीत एक सावधगिरी. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम ८४ आता तिथे कलम २२ झालं आहे. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेनुसारच चालतात, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं तुमच्या सामग्रीत दोन्ही आकडे दिसतील. तक्त्यात दोघांसाठी वेगळा रकाना ठेवा.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. १९८६मध्ये मारुती दुबळ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दंड संहितेचं, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं, १९९४मध्ये पी. रथिनम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयही त्याच बाजूला गेलं, आणि १९९६मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते उलटवलं. मग २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ने असं गृहीत धरलं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. नव्या न्याय संहितेत ३०९ उरलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६मध्ये गुन्हा राहिला. आज ‘कलम ३०९ रद्द व्हायला हवं’ अशी मागणी करणारा लेख पाठवला, तर संपादक पहिल्याच पानावर थांबेल. उलट ११५च्या दुसऱ्या उपकलमाने सरकारवर काळजी, उपचार आणि पुनर्वसनाची जबाबदारी टाकली आहे. ती जिल्हा रुग्णालयात कशी पाळली जाते, हा प्रश्न मला कितीतरी जास्त मोलाचा वाटतो.

निकाल गोळा करणं आणि वाचणं

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात, मुंबई उच्च न्यायालयाचे त्याच्या संकेतस्थळावर, आणि इंडियन कानून या शोधयंत्रावर दोन्ही. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र हे सशुल्क निकालसंग्रह कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळत असेल तर उत्तमच, पण त्याविना काम अडत नाही.

नुसतं ‘सेक्शन ८४’ टाकून शोधलंत तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८४ही येतं. ते जप्त मालमत्तेवरच्या दाव्यांबद्दल आहे. म्हणून जोडीने ‘अनसाउंड माइंड’, ‘इनसॅनिटी’, ‘स्किझोफ्रेनिया’ असे शब्द इंग्रजी लिपीत घाला. कोणते शब्द, कोणत्या तारखेला, किती निकाल आले, किती वगळले आणि का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअर (जर्नलसाठी लेख तपासणारा तज्ज्ञ) नेमकं तेच विचारतो आणि तेव्हा आठवणीतून काढता येत नाही.

मग तक्ता. एका ओळीत एक निकाल. रकाने साधारण असे: अपील क्रमांक, पीठ, निकालाची तारीख, गुन्ह्याचं कलम, न्यायालयाने आजाराला दिलेलं नाव, वैद्यकीय साक्षीदार होता का, डॉक्टरने आरोपीला घटनेआधी तपासलं होतं की अटकेनंतर, नातेवाइकांची साक्ष, घटनेनंतरचं वागणं (पळाला का, हत्यार लपवलं का), बचाव मान्य की अमान्य, आणि ज्या परिच्छेदात कारण दिलंय त्याचा क्रमांक.

‘आधी की नंतर’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दह्याभाई ठक्कर प्रकरणापासून, म्हणजे १९६४पासून, न्यायालयं हेच विचारत आली आहेत की कृत्याच्या क्षणी मनाची अवस्था काय होती. आणि ते दाखवण्याचं ओझं आरोपीवर असलं, तरी दिवाणी दाव्याइतकंच, संभाव्यतेच्या पारड्याचं. डॉक्टरचा कागद मात्र बहुतेक वेळा घटनेच्या आधीचा किंवा नंतरचा असतो. या फटीत न्यायालय काय भरतं, ते तुमच्या लेखाचं हृदय असेल. एखाद्या निकालात आईची साक्ष भरते, दुसऱ्यात आरोपी पोलिसांना पाहून पळाला ही गोष्ट. दहा-बारा निकाल वाचून झाले की नमुने दिसायला लागतात. तेव्हा थांबून तक्त्याचे रकाने एकदा दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून भरा.

मानसशास्त्राच्या जर्नलला पाठवणार असाल, तर निदान काही निकाल दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे भरून घ्या आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात ते ‘कोहेनचा कप्पा’ या संख्याशास्त्रीय मापाने दाखवा. कायद्याच्या जर्नलला हे लागत नाही, पण दिलंत तर कोणी नाकही मुरडणार नाही.

एक मर्यादा स्वतःहून लिहा: अपिलात पोचलेली प्रकरणं म्हणजे सगळी प्रकरणं नव्हेत. सत्र न्यायालयात बचाव मान्य होऊन सुटलेला माणूस, सरकारने अपील केलं नाही तर, या तक्त्यात कधीच येत नाही. म्हणून ‘इतके टक्के बचाव फसतात’ असं वाक्य लिहू नका. ‘अपिलात आलेल्या प्रकरणांत’ एवढे शब्द पुढे जोडा.

माणसांशी बोलायचं असेल तर

निकालांवरचा अभ्यास घरी बसून होतो. रुग्ण, कैदी, नातेवाईक यांच्या मुलाखती घ्यायच्या तर २०१७च्या कायद्याचं कलम ९९ आधी वाचा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुलाखतही स्वतंत्र आणि पूर्ण माहितीवर आधारलेल्या संमतीशिवाय घेता येत नाही. जी व्यक्ती अशी संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही, तिच्यावर मानसशास्त्रीय, शारीरिक किंवा औषधी हस्तक्षेपाचा अभ्यास करायचा तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मिळाली, तरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेणाऱ्याच्या) संमतीवर पुढे जाता येतं. तेही हा अभ्यास संमती देऊ शकणाऱ्यांवर करणं शक्य नाही, हे पटवून दिल्यावर. केस पेपरचा अभ्यास, ओळख झाकली जात असेल तर, याच कलमाने मोकळा ठेवला आहे. आणि संमती कधीही मागे घेता येते.

एथिक्स कमिटीची मंजुरी सामग्री गोळा करण्याच्या आधी. नंतर मागितलेली मंजुरी कोणतीही बरी समिती देत नाही आणि कोणतंही बरं जर्नल मानत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत मानसिक आजार असलेल्या व्यक्ती आणि कैदी हे असुरक्षित गट आहेत, त्यामुळे प्रस्ताव पूर्ण समितीपुढे जाईल असं धरूनच वेळापत्रक आखा. विधी महाविद्यालयांत बहुधा समितीच नसते. अशा वेळी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी लेखी करार करून त्यांच्या समितीकडे जाता येतं; समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते विचारा. तिथलं एखादं माणूस सहलेखक म्हणून घेतलं तर रस्ता आणखी सोपा होतो, पण त्याने खरोखर काम करावं. निव्वळ प्रकाशित निकालांवरचा अभ्यास असला, तरी ‘मंजुरीची गरज नाही’ असं समितीचं पत्र घेऊन ठेवा.

समितीच्या मंजुरीने दार उघडतं असं मात्र नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आरोग्य विभागाची आणि अधीक्षकांची वेगळी परवानगी लागते. कारागृहात जायचं तर पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची. गोव्यात अभ्यास करणाऱ्यांनी बांबोळीच्या मनोरुग्णालय संस्थेशी सुरुवातीलाच बोलावं. या पत्रव्यवहाराला महिने लागतात. तो चालू असताना वाचन करा, हातावर हात ठेवून बसू नका.

संमतीपत्र मराठीत, आणि तेही शासकीय परिपत्रकाच्या मराठीत नको. ‘सदर संशोधनात सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून’ असं लिहिण्याऐवजी ‘नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही’ असं लिहा. कैद्यांसाठी आणखी एक वाक्य हवंच: ‘बोललात म्हणून शिक्षा कमी होणार नाही, नाही बोललात म्हणून वाढणार नाही.’ तयार मजकूर तिसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळ मजकुराशी ताडून पाहा. समित्या तो मागतात.

ओळख झाकणं

१२ एप्रिल २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात फाशीची शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजार शिक्षा सौम्य करण्याचं कारण मानला आणि फाशीऐवजी उर्वरित आयुष्यभराचा कारावास दिला. निकालाचं नावच ‘अ‍ॅक्यूज्ड एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. न्यायालयाने नाव झाकलं, कारण आजाराची माहिती गोपनीय राहणं हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ने दिलेला हक्क आहे. आता लेखकाची कसोटी: त्याच खटल्याचा आधीचा, नाव असलेला निकाल तळटिपेत दिलात, तर न्यायालयाने झाकलेलं तुम्ही उघडलंत. असे दुवे देऊ नका.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असंही नाही. तालुका, पेशा, वय आणि घटनेचं साल या चार गोष्टी एकत्र आल्या की गावातला कोणीही माणूस ओळखतो. लेखाला खरोखर लागतं ते सहसा एवढंच: वयोगट, ग्रामीण की शहरी, आणि घटनेचा प्रकार. दुसरी फसगत अवतरणांची. निकालातलं अख्खं वाक्य जसंच्या तसं घेतलंत, तर ते इंडियन कानूनवर टाकून कोणीही मूळ प्रकरणापर्यंत पोचतो. ओळख झाकायची असेल तिथे सारांश तुमच्या शब्दांत लिहा. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती किंवा बालक असेल, तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे: न्याय संहितेचं कलम ७२, पोक्सोचं २३, बाल न्याय कायद्याचं ७४. खालच्या न्यायालयाने चुकून नाव छापलं असेल, तरी ती चूक तुम्ही पुढे चालवू नये.

जर्नल निवडताना

भारतातल्या मनोविकारशास्त्राच्या वाचकांसाठी इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री आणि इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन. नैतिक प्रश्नावर भर असेल तर मुंबईहून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स. धोरणावर लिहायचं तर इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली. या सीमेवरचीच खास जर्नल्स परदेशात आहेत: इंटरनॅशनल जर्नल ऑफ लॉ अँड सायकियाट्री, लॉ अँड ह्यूमन बिहेवियर, सायकियाट्री सायकॉलॉजी अँड लॉ. यातलं दुसरं प्रयोग आणि आकडेवारीचं. निकालांच्या विश्लेषणासाठी पहिलं जास्त जवळचं. कोणतंही निवडा, गेल्या दोन वर्षांतले त्यातले पाच-सहा लेख वाचा. भारतीय कायद्यावर एकही लेख नसेल, तर तुमचा लेख परदेशी वाचकाला काय शिकवतो, हे पहिल्या परिच्छेदात सांगावं लागेल.

‘यूजीसी-केअरमध्ये (यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत) आहे का?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये अजून विचारला जातो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या आधाराने २०१९मध्ये सुरू झालेली ती यादी यूजीसीने बंद केली. फेब्रुवारी २०२५मध्ये तसं जाहीर केलं आणि यादीऐवजी काही निकष सुचवले. म्हणजे पारख आता तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर. पीएच.डी.साठी प्रबंधाआधी लेख छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्तीही २०२२च्या नियमांनी काढली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा तपासा. त्यामुळे ‘दोन दिवसांत स्वीकृती, शुल्क २५०० रुपये, प्रमाणपत्रासह’ असा व्हॉट्सअ‍ॅप आला, तर घाबरून पैसे भरायचं कारण उरलेलं नाही.

बनावट जर्नल ओळखायला संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन पाहा, तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का. स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्या यादीतच शोधा, जर्नलच्या पानावरचं चिन्ह मोजू नका. मानसशास्त्र, कृषी, वाणिज्य आणि संस्कृत साहित्य एकाच अंकात असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

लिहिणं आणि संदर्भ

पद्धती आधी लिहा, मग निष्कर्ष, मग चर्चा, सगळ्यात शेवटी प्रस्तावना आणि सारांश. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारे प्राचीन भारतापासून सुरुवात करतात.

निकालाचा संदर्भ देताना परिच्छेद क्रमांक द्याच. २०२३पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना तटस्थ उद्धरण क्रमांक (न्यायालयानेच दिलेला, कोणत्याही प्रकाशकावर न अवलंबणारा) असतात, मुंबई उच्च न्यायालयाच्याही. त्यात पीठ कोणतं, नागपूर, औरंगाबाद की गोवा, तेही कळतं. संदर्भांच्या मांडणीसाठी मानसशास्त्राची जर्नल्स बहुधा एपीएची सातवी आवृत्ती मागतात, वैद्यकीय जर्नल्स व्हँकूव्हर पद्धत. सुरुवातीपासून झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं फुकट साधन वापरलंत, तर लेख परत आल्यावर पद्धत बदलणं हे दोन दिवसांऐवजी तासाभराचं काम होतं.

एआयकडून इंग्रजी सुधारून घेतलंत तर तसं नोंदवा. लेखक म्हणून त्याचं नाव चालत नाही. आणि त्याने सुचवलेला प्रत्येक निकाल मूळ संकेतस्थळावर उघडून पाहा. अस्तित्वात नसलेले खटले ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगतं. साहित्यचौर्याच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय; अवतरणचिन्हात संदर्भासह घेतलेला मजकूर त्यात मोजायचा नसतो, पण महाविद्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती खूण कोणीतरी आठवणीने करावी लागते.

लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू होतानाच कागदावर घ्या. ज्याने काम केलं, मसुदा वाचून सुधारला, अंतिम मजकुराला मान्यता दिली आणि जो जबाबदारी घेतो, तो लेखक. विभागप्रमुख आहेत एवढ्यावरून नाव घालायचं नसतं. ‘सरांना वाईट वाटेल’ ही अडचण खरी आहे, मान्य. त्यासाठीच आभाराचा परिच्छेद असतो.

पाठवल्यानंतर

एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवा. अमेरिकेतल्या विद्यार्थी-संपादित लॉ रिव्ह्यूंत अनेकांकडे एकदम पाठवायची रीत आहे, ती इथे लावू नका. आठवड्याभरात नकार आला तर तो सहसा विषय बसत नाही म्हणून; दुसरीकडे पाठवा.

शेरे आले तर बहुधा एक रिव्ह्यूअर वकील आणि एक डॉक्टर असतो, आणि दोघं उलट मागतात. एक म्हणतो निदानाचे निकष सविस्तर द्या, दुसरा म्हणतो वैद्यकीय भाग कापा. दोघांना खूश करू नका. पहिल्या दिवशी ठरवलेला वाचक आठवा, त्याला धरून निर्णय घ्या, आणि दुसऱ्याला ‘आपला मुद्दा योग्य आहे, या जर्नलच्या वाचकांना हे परिचित असल्याने एक वाक्य ठेवलं आहे’ असं नम्रपणे कळवा. उत्तर तक्त्यात द्या: शेरा, तुमचं उत्तर, बदल कोणत्या पानावर. रागावून उत्तर लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त दोन दिवस पाठवू नका.

स्वीकृतीनंतर प्रूफ येतं आणि दोन-तीन दिवसांत परत मागतात. तेव्हा भाषा पाहत बसू नका. कलमांचे आकडे, निकालांची सालं, परिच्छेद क्रमांक, आणि कुठे कोणाचं नाव किंवा गाव राहून गेलंय का, एवढंच बघा. मधल्या काळात तुमचा मुख्य निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला असेल, तर संपादकाला लगेच कळवा. प्रूफमध्ये एका वाक्याची टीप घालू देतात.